पन्नास हर्ट्झचा मारिओ

डोंबिवलीतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर व्हिडीओ गेमची एक पिवळी कॅसेट उघडून ठेवली होती. आत तळहाताएवढीही नाही अशी हिरवी पट्टी. तिच्या काठाला दोन्ही बाजूंनी मिळून साठ पिना आणि मधोमध काळ्या राळेचा सुकलेला गोळा. त्या राळेखाली सिलिकॉनचा तुकडा असतो आणि त्या तुकड्यात खेळ. वर ना चिपचं नाव, ना क्रमांक, ना कारखान्याचा पत्ता. नकली कॅसेट स्वस्तात बनवायची तर चिपला वेगळं घर करायचं नाही, ती थेट पट्टीवर बसवून वरून राळ ओतायची, ही तेव्हाची पद्धत.

घरमालक औद्योगिक कंट्रोल पॅनेलच्या धंद्यात इंजिनिअर आहेत. नाव छापू नका, एवढं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांनी इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिनांवरून फिरवला. तो काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा झाला. मग ती पट्टी एका रीडरमध्ये बसवली. हा रीडर आर्डुइनो मेगा बोर्डावर उभा केलेला असतो, त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर घरी बनवता येतो. तो चिपला पत्ते विचारत जातो, चिप त्या पत्त्यावरचा अंक सांगत जाते, आणि सगळे अंक एका फाइलीत उतरतात. याला ‘डम्प घेणं’ म्हणतात.

एक डम्प घेऊन भागत नाही. पिनेवर मळ असला तर एखादा बिट चुकतो आणि चुकलेला बिट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुन्हा वाचायचं आणि दोन्ही फाइलींचा ठसा ताडून पाहायचा. ठसा म्हणजे संपूर्ण फाइलीवरून गणिताने काढलेली एक छोटी संख्या. फाइलीत एक बिट बदलला तरी ती बदलते. त्या सकाळी आधीच्या दोन वाचनांचे ठसे जुळले नाहीत. पुन्हा पुसणं झालं. नंतरचे जुळले. मग ती संख्या त्यांनी जगभरच्या हौशी नोंदकर्त्यांच्या याद्यांत शोधली.

“यादीत नाही ही,” ते म्हणाले. “म्हणजे हिची नोंद अजून कुणी केलेली नाही.” त्यांचा आनंद लपत नव्हता.

‘मोडीत निघालेलं’ हा अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा माझ्या मनात पहिली ही कॅसेटच आली. ती ज्या यंत्रात खोचत ते यंत्र भंगारात गेलं, ज्या टीव्हीला ते यंत्र जोडत तो टीव्हीही गेला. खेळ मात्र काही माणसांनी हट्टाने वाचवून ठेवले आहेत. ते कसे, हे मला पाहायचं होतं.

नाण्याखालची वाट

मूळ यंत्र जपानच्या निंटेंडो कंपनीचं. 15 जुलै 1983 रोजी ते ‘फॅमिकॉम’ या नावाने जपानमध्ये विक्रीला आलं आणि 1985 पासून अमेरिकेत ‘एनईएस’ म्हणून विकलं गेलं. आत 6502 जातीचा प्रोसेसर, वेग सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके, कामाची मेमरी 2 किलोबाइट. चित्र काढायला वेगळी चिप. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा 1985 चा खेळ पूर्णपणे 40 किलोबाइटमध्ये मावतो: 32 किलोबाइट प्रोग्रॅम, 8 किलोबाइट चित्रं. आठही जगं, सगळे किल्ले, सगळं संगीत त्यातच.

पण डम्प हाती आला म्हणजे खेळ वाचला, असं होत नाही. ते 40 किलोबाइट ज्या यंत्राला उद्देशून लिहिले, ते यंत्रच हवं. एम्युलेटर म्हणजे ते जुनं यंत्र आजच्या संगणकावर वठवणारा प्रोग्रॅम. प्रत्येक आज्ञेला जुना प्रोसेसर जे करायचा ते तो करतो, चित्राची चिप जे रेखाटायची ते रेखाटतो. वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात कुठे अडतं, हे मारिओच्याच पडद्यावर पाहता येतं.

खेळताना वरच्या पट्टीत गुण, नाण्यांची संख्या, वेळ हे सगळं जागेवर स्थिर असतं आणि खालचं जग डावीकडे सरकत राहतं. या यंत्राला पडद्याचा एक भाग स्थिर ठेवून दुसरा सरकवण्याची सोय नव्हती. खेळ लिहिणाऱ्यांनी वाट काढली. वरच्या पट्टीतल्या नाण्याच्या चित्राखाली त्यांनी एक चिमुकलं चित्र दडवलं. टीव्हीचा किरण वरून खाली ओळी रेखाटत त्या जागी आला की चित्राची चिप एक खूण उभारते. प्रोसेसर त्या खुणेची वाट पाहत फेऱ्या मारत बसलेला असतो. खूण दिसली की पट्टी संपली असं समजून तो पडदा सरकवायची आज्ञा देतो. हे प्रत्येक चित्रचौकटीत, सेकंदाला साठ वेळा.

एम्युलेटरने ही खूण उभारली नाही, तर प्रोसेसर वाटच पाहत राहतो आणि खेळ गोठतो. वेळ चुकवून उभारली, तर पट्टीही थरथरते. मूळ यंत्रात प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्राची चिप बरोबर तीन ठिपके काढते. गवई आणि तबलजी यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून गायचं-वाजवायचं आणि तरी सम चुकू द्यायची नाही, असं हे काम आहे.

सुरुवातीच्या एम्युलेटरांना एवढी अचूकता परवडत नव्हती. 1997 मध्ये आलेला ‘नेसटिकल’ तेव्हाच्या साध्या संगणकांवर पळायचा, कारण त्याने जागोजागी आडवाटा घेतल्या होत्या. लोकांनी तो डोक्यावर घेतला. प्रसिद्ध खेळ चालत होते, बाकीच्यांचं कोण पाहतो? याच वृत्तीविरुद्ध पुढे निअर या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरांनी आयुष्याची कैक वर्षं घातली. एनईएसनंतरच्या सुपर निंटेंडोसाठी त्यांनी ‘बीस्नेस’ हा एम्युलेटर लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, यंत्राची नक्कल इतकी तंतोतंत हवी की कुणालाच आठवत नसलेला खेळही चालला पाहिजे. त्यांचं आवडतं उदाहरण होतं ‘स्पीडी गोन्झालेस’ या खेळाचं. सहाव्या टप्प्याच्या पहिल्याच भागात एक बटण आहे. त्यावर पाय पडला की इतर एम्युलेटरांमध्ये खेळ गोठायचा. खेळाचा प्रोग्रॅम तिथे मेमरीतल्या अशा पत्त्यावरून वाचत होता, जिथे काहीच जोडलेलं नाही. खऱ्या यंत्रात त्या वेळी तारेवर आधीच्या व्यवहाराचा जो अंक रेंगाळलेला असे, तोच वाचला जाई आणि खेळ पुढे सरके. निअर यांनी तो रेंगाळलेला अंकसुद्धा वठवला. काही मेगाहर्ट्झच्या त्या जुन्या यंत्राची इतकी चोख नक्कल करायला 3 गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असं त्यांनी 2011 मध्ये लिहिलं, तेव्हा बऱ्याच लोकांना ती उधळपट्टी वाटली. मला ते जपणुकीचं खरं काम वाटतं. लोकप्रिय तेवढंच वाचवायचं असेल, तर ते काम बाजार करतोच. निंटेंडोने स्वतः 2016 मध्ये तीस खेळ भरलेलं छोटं यंत्र विकलं आणि तेही एम्युलेटरवरच चालत होतं.

आपल्याकडचं यंत्र

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर आता सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर आणि लॅपटॉपचे सुटे भाग मिळतात. टीव्हीवरचा जुना गेम विचारला की दुकानदार एचडीएमआय वायर लावलेलं चिनी यंत्र पुढे करतात. खेळ आतच भरलेले, कॅसेटीला जागाच नाही. गल्लीच्या आत पोटमाळ्यावर बसणारे एक वयस्क कारागीर मात्र जुनी यंत्रं अजून दुरुस्त करतात. काका, सगळ्यात जास्त काय बिघडतं, असं विचारलं तर म्हणाले, “अडाप्टर. मग रिमोटची वायर. मुलं खेळताना रिमोट ओढतात ना, गाडी वळवायची तर अंगही वळवतात.” मग त्यांनी एका यंत्राचं झाकण काढून आतला व्होल्टेज रेग्युलेटर दाखवला. त्याखालची पट्टी तापून तापून तपकिरी झाली होती.

हे यंत्र निंटेंडोचं नव्हतं. आपल्याकडे घराघरांत पोचली ती फॅमिकॉमची नक्कल. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ती विकली जायची आणि मूळ कंपनीचा तिच्याशी संबंध नव्हता. सुट्टीत गल्लीतल्या एखाद्या घरी ती असे. कुठे ती एका रात्रीसाठी भाड्याने मिळे, कुठे तासावर खेळता येई. तिची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची आणि मुंग्यांतून चित्र दिसेपर्यंत चॅनेल फिरवत राहायचं.

नकली म्हणून या यंत्राला मोडीत काढणं सोपं आहे. पण त्याच्या आतली अक्कल पाहिली की मला ते पटत नाही. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही तेव्हा सेकंदाला साठ वेळा पडदा रेखाटत असे, भारतातला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. निंटेंडोने युरोपच्या पाल टीव्हीसाठी यंत्र बनवलं तेव्हा प्रोसेसरचा वेग उतरवला, आणि एका ठोक्याला तीन ठिपके हे प्रमाण बदलून 3.2 झालं. नेमक्या ठोक्यांवर बेतलेले जपानी खेळ त्यामुळे बिघडू शकत. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल टीव्हीसाठी ज्या नकली चिपा बनवल्या, त्यांत तीनास एक हे प्रमाण कायम ठेवलं, प्रोसेसरचा वेगही जवळपास मूळचाच ठेवला. प्रत्येक चौकटीत चित्र संपल्यावर पन्नासेक रिकाम्या ओळी जास्तीच्या घातल्या आणि साठाचे पन्नास केले. आता जपानी खेळ पाल टीव्हीवर बिनबोभाट चालू लागले. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याचं नाव कुठल्याही कॅसेटीवर नाही.

याचा परिणाम कानाला कळतो. खेळातलं संगीत दर चौकटीला एक पाऊल पुढे सरकतं. साठाऐवजी पन्नास चौकटी आल्या की चाल एक षष्ठांशाने संथ होते. सूर मात्र प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून, तो जवळजवळ तोच राहतो. म्हणजे अशा यंत्रावर ऐकलेला मारिओ मूळच्याच पट्टीत, पण विलंबित लयीत वाजायचा. उडी संथ, शत्रू संथ, घड्याळही संथ.

डोंबिवलीच्या घरी हे प्रत्यक्ष पाहिलं. घरमालकांची नववीतली मुलगी एम्युलेटरवर ‘कॉन्ट्रा’ खेळत होती, साठ चौकटींनी, जसा तो कोनामीने 1988 मध्ये बनवला तसा. वडिलांनी सेटिंगमध्ये जाऊन ‘डेंडी’ निवडलं. डेंडी हा अशाच नकली यंत्राचा रशियातला गाजलेला ब्रँड, आणि एम्युलेटरांमध्ये या साऱ्या जातीला आता त्याचंच नाव पडलं आहे. संगीत एकदम जड झालं.

“बाबा, हे किती हळू चाललंय!”

“हळू नाही गं. हे बरोबर आहे. माझा कॉन्ट्रा हाच.”

दोघांचंही खरं होतं. अधिकृत पुनर्मुद्रणात कंपनी देईल तो बहुधा साठ चौकटींचा खेळ. नकली यंत्रावरचा हा पन्नास चौकटींचा खेळ कुठलीही कंपनी कधी विकणार नाही, कारण कागदोपत्री तो तिने बनवलेलाच नाही. तो शिल्लक आहे तो केवळ एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी नकली यंत्राच्या चिपाही तितक्याच निगुतीने मोजल्या म्हणून.

9999 खेळ

कॅसेटींचंही तेच. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींवर एका खेळाचं नाव नसे. ‘64 इन 1’, ‘9999 इन 1’ असे आकडे असत. मेनू उघडला की यादी संपता संपत नसे. आत खरे खेळ मूठभरच. बाकीच्या ओळी म्हणजे तोच कॉन्ट्रा तिसऱ्या टप्प्यापासून, तोच कॉन्ट्रा तीस जिवांनिशी, तोच कॉन्ट्रा हातात वेगळी बंदूक देऊन. मेनू खेळ सुरू करण्याआधी मेमरीतल्या एक-दोन जागी वेगळे अंक टाकून ठेवतो आणि खेळाला वाटतं आपण तिथूनच सुरू झालो.

अशा कॅसेटीचा डम्प घेणं मूळ कॅसेटीपेक्षा अवघड. प्रोसेसरला कॅसेटीतले साधारण 32 किलोबाइटच एका वेळी दिसतात. त्याहून मोठा खेळ असला की कॅसेटीतलंच एक सर्किट मेमरीचे तुकडे आलटून पालटून त्याच्यासमोर धरतं. त्याला ‘मॅपर’ म्हणतात. अधिकृत कंपन्यांचे मॅपर सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. नकली कॅसेटी बनवणारा प्रत्येक कारखाना मात्र आपल्या सोयीने मॅपर जुळवायचा. राळेच्या गोळ्याखाली काय आहे हे दिसत नाही, म्हणून कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं की समोरचा तुकडा बदलतो, हे चाचपडत शोधावं लागतं. मल्टिमीटरने एकेक रेघ कुठून कुठे जाते ते तपासायचं, वहीत आकृती काढायची, चुकलं की पुन्हा. डोंबिवलीची वही मी चाळली. कित्येक पानांवर नुसत्या बाणांच्या जाळ्या होत्या.

डम्पच्या फाइलीला सुरुवातीस सोळा बाइटचा मथळा जोडतात. हा कोणत्या मॅपरचा खेळ आहे हे एम्युलेटरला त्यातून कळतं. मूळ मांडणीत 256 मॅपरांपुरतीच जागा होती. ती पुरेना, म्हणून सुधारित मांडणीत 4096 क्रमांकांची सोय करावी लागली. या क्रमांकांतला मोठा हिस्सा तैवान आणि चीनमधल्या विनापरवाना कॅसेटींचा आहे. कुठल्याच ग्रंथालयाने न मागितलेली ही सूची लोकांनी पदरमोड करून उभी केली.

सूची झाल्यावर आपण काय खेळलो हेही उलगडतं. नकली कॅसेटींत कंपनीचं नाव पुसलेलं असे. रणगाड्यांचा तो खेळ, ज्यात विटांच्या भिंतीआडचा गरुड राखायचा आणि एका टप्प्यात वीस रणगाडे उडवायचे, तो नामको कंपनीचा 1985 चा ‘बॅटल सिटी’. अमेरिकेत एनईएससाठी तो विक्रीला आलाच नाही. आपल्याकडे ‘टँक 1990’ नावाचा जो अवतार फिरला, तो त्याच्यावरच कुणीतरी नवी चित्रं आणि नवी हत्यारं चढवून केलेला. दोन डम्प शेजारी ठेवले की कुठले बाइट बदलले ते स्पष्ट दिसतं.

मुस्तफाची बॅटरी

टीव्हीवरच्या गेमची गोष्ट ‘मुस्तफा’ला टाळून पुढे जाऊ शकत नाही, जरी तो नाण्याच्या मशीनवरचा खेळ असला. कॅपकॉमने 1993 मध्ये काढलेल्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव, आणि आपल्याकडच्या पार्लरांत खेळालाच ते चिकटलं. खेळ एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला असल्याने हक्क दोघांच्या हाती अडकले. घरच्या यंत्रावर तो कधी आला नाही.

शिवाय त्याच्या मशीनमध्येच त्याचा अंत बसवलेला होता. आवाज सांभाळणारा प्रोसेसर सांकेतिक लिपीतला प्रोग्रॅम वाचतो आणि लिपीची किल्ली बॅटरीवर तगलेल्या मेमरीत असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. चोरी रोखायला केलेली ही तजवीज विकत घेणाऱ्याच्याही मुळावर येते. आर्केडचे खेळ टिकवण्यासाठी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर सुरू केला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये ही लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली आहे. पुढे सायबर कॅफेतल्या संगणकांवर आणि पेन ड्राइव्हवरून मुस्तफा महाराष्ट्रभर फिरला तो अशाच एम्युलेटरांच्या जिवावर. ते फिरणं परवान्याविना होतं, हेही नोंदवलं पाहिजे.

कायद्याची बाजू

नाव छापू नका, या विनंतीचं कारण इथे आहे. एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही; सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने 2000 मध्ये यंत्राची उकल करून एम्युलेटर लिहायला मोकळीक दिली. पण कुलूप तोडण्याचा मुद्दा आला की चित्र पालटतं. निंटेंडोच्या स्विच यंत्राचा ‘युझू’ हा एम्युलेटर 2024 मध्ये 24 लाख डॉलरच्या तडजोडीनंतर बंद झाला. खेळांच्या फाइली वाटणं तर सरळ हक्कभंग. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाशापासून बचाव म्हणून प्रत काढू देतं. पण मूळ कॅसेटच नकली असेल, तर तो आडोसाही मिळत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. संशोधकांना ग्रंथालयातली प्रत घरबसल्या पाहू द्यावी, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. लोक ती करमणुकीसाठी वापरतील, ही भीती. जुनी कादंबरी कुणी करमणुकीसाठी वाचली तर ग्रंथालय बंद होत नाही. खेळांना वेगळा न्याय लावणं मला अन्यायाचं वाटतं. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात 2000 पासून डिस्क-कॅसेटींत निघालेले खेळ पुस्तकांसारखे जमा होतात. म्हणजे सरकारला हे करता येतं.

फाइलीत न मावणारं

डोंबिवलीच्या घरात दिवाणखान्याची एक बाजू फुगीर काचेच्या जुन्या टीव्हीने अडवली आहे. तो ‘डक हंट’ या बंदुकीने बदकं मारायच्या खेळासाठी. बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला तर नेम लागला. किरण ओळीमागून ओळ रेखाटतो त्या लुकलुकीवर तिचं सर्किट जुळवलेलं आहे. सपाट टीव्हीत तो किरणच नाही आणि चित्रही उशिरा उमटतं, म्हणून सगळे नेम हुकतात. एम्युलेटरमध्ये माउसने बदक मारता येतं, पण खांद्यावर बंदूक टेकवून पडद्याच्या अगदी जवळ जाण्याची ती खोड त्यात येत नाही. पिक्चर ट्यूब गेली तर नवी मिळत नाही, आणि भंगारवाले जुने टीव्ही आतल्या तांब्यासाठी फोडतात. यावर घरमालकांकडे तोडगा नाही.

कॅसेटींवर मात्र आहे, आणि तो त्यांनी मला लिहून घ्यायला लावला. माळ्यावर जुनी कॅसेट सापडली तर फुंकर मारू नका, थुंकीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. खोडरबराने घासू नका, मुलामा निघतो. कोरड्या डब्यात सिलिकाची पुडी टाकून ठेवा. खेळ सेव्ह करणारी कॅसेट असेल तर आतली बॅटरी गळते आहे का ते जाणकाराकडून पाहून घ्या. आणि मागे दुकानदाराने चिकटवलेली चिठ्ठी काढू नका. कंपनीचं नाव पुसलेलं असतं, साल खोटं असतं. गाव आणि भाव हाताने लिहिलेली ती चिठ्ठी हाच बहुधा त्या कॅसेटीबद्दल उपलब्ध असलेला एकमेव कागद असतो, आणि यादीत नोंद करताना तिचाही फोटो जोडतात.